पोपटी चौकोन

सुरतेत लोकरीचं विणकाम करणारी बाई म्हटली की लोक आधी हसतात. आमच्या उधन्याच्या सोसायटीतही हसायचे. इथे थंडी येते ती जानेवारीत, पंधरा-वीस दिवस, आणि तीही सकाळी नऊला निघून जाते. पण तळमजल्यावरची जिजी भर मे महिन्यात, पंखा गरम वारा फेकत असताना, उंबऱ्याशी मांडी घालून बसलेली असायची आणि मांडीवर लोकरीचा गुंडा असायचा. "जिजी, सुरतेत स्वेटर कोण घालणार?" असं कुणी विचारलं की ती मान वर न करता म्हणायची, "तू नको घालू." विषय संपला.

खरं तर स्वेटर ती विणतच नव्हती. स्वेटर उसवायची आणि बटवे विणायची. खानदेशातून येताना लोकांनी आणलेले, गावी कधीतरी लागतील म्हणून जपलेले स्वेटर सोसायटीतल्या प्रत्येक ट्रंकेत पडून होते. ते मागून आणायचे, टोक शोधायचं आणि सरसर उसवत जायचं. मग त्या लोकरीतून रंगीबेरंगी चौकोनांचा बटवा, तोंडाला जाळीची एक ओळ, त्यातून ओवलेला गोफ आणि गोफाच्या टोकांना गोंडे. माझ्या आत्ताच्या घरात, दाराजवळच्या खिळ्याला तिचा एक बटवा टांगलेला आहे. आम्हाला उधना सोडून दोन वर्षं झाली, तरी त्यात किल्ल्या टाकताना मला तिचा आवाज ऐकू येतो, आणि तो बहुतेक वेळा कुणाला तरी 'नाही' म्हणत असतो.

मी मूळची लातूरची. माझी नोकरी उधन्यातल्या मराठी शाळेत, नवऱ्याची इच्छापोरच्या एका कारखान्यात. शाळेसाठी म्हणून आम्ही त्या सोसायटीत, जिजीच्या बरोबर वरच्या मजल्यावर, पंधरा वर्षं काढली. जिजी घरात अहिराणी बोलायची. पहिले सहा महिने तिचं निम्मं बोलणं मला कळायचं नाही, पण आवाज इतका ठाम असायचा की मी "हो" म्हणून मोकळी व्हायचे. अशा दोन-तीन 'हो'मुळे मला एकदा पाच किलो कुरडया करायला बसावं लागलं. त्यानंतर मी अहिराणी मन लावून शिकले.

तिची नोकरी होती कापड रंगवणाऱ्या एका मिलच्या फोल्डिंग खात्यात. रंगवून आलेला ताका, म्हणजे कापडाचा अख्खा तागा, टेबलावर उलगडायचा आणि रंग सगळीकडे सारखा बसलाय का ते बघायचं. कुठे शेड बदलली असेल तर तो तुकडा बाजूला. बावीस वर्षं तिनं हेच केलं. एकदा मालाचा टेम्पो फाटकात उभा होता आणि जिजीनं ताका अडवला. खात्याचा मास्तर म्हणाला, "आटलुं तो चाले, जिजीबेन," एवढं तर चालतं. ती म्हणाली, "नहीं चाले." मास्तर शेठला घेऊन आला. शेठनं चष्मा लावून पाहिलं, काढून पाहिलं, त्याला काही फरक दिसेना. मग या बाईनं तो ताका खांद्यावर टाकला, अंगणात उन्हात नेला, त्याची दोन टोकं शेजारी शेजारी धरली आणि म्हणाली, "आता बघा." एक टोक आंब्याच्या रसाचं होतं, दुसरं हळदीचं. टेम्पो त्या दिवशी रिकामा गेला.

ते 'नहीं चाले' तिच्या तोंडात बसलं ते कायमचं. भाजीवाल्याला नहीं चाले, वीजमीटर वाचायला आलेल्याला नहीं चाले, सोसायटीच्या चेअरमनला तर दर महिन्याला. माझ्या नवऱ्यानं एकदा हौसेनं नवीन पडदे आणले, तेव्हा तिनं दारातूनच मान हलवली आणि आमचे पडदे परत गेले.

आणि याच बाईच्या बटव्यात कुठलाही रंग कुठल्याही रंगाशेजारी बसलेला असायचा. जांभळ्याला खेटून केशरी, त्याच्या डोक्यावर राखाडी. मी एकदा न राहवून विचारलंच, "जिजी, इतकी रंगाची नजर तुमची, आणि हे असं?"

"बावीस वर्षं वेगळा रंग दिसला की बाजूला काढला, बाई," ती म्हणाली. "आता नाही काढणार."

ही चौकोनांची कल्पना तिच्या आईच्या गोधडीची. पारोळ्याकडच्या त्यांच्या गावात गोधडी शिवायची तर घरातल्या प्रत्येकाच्या कपड्याचा एक तुकडा लागायचा. एकही माणूस सुटलेलं चालायचं नाही. आणि शेवटचा कोपरा बंद करायच्या आधी आत भाकरीचा एक तुकडा ठेवायचा, म्हणजे गोधडी उपाशी राहत नाही. जिजीला सुईदोऱ्याचा कंटाळा. मग एका हिवाळ्यात रस्त्याकडेला तिबेटी बायकांनी स्वेटरची दुकानं मांडली, तेव्हा ती तिथे गेली, एका बाईच्या शेजारी पोत्यावर बसली आणि सलग तीन संध्याकाळ नुसती तिचे हात बघत राहिली. त्या बाईला मराठी येत नव्हतं, हिला तिची भाषा येत नव्हती. घेतलं काहीच नाही. चौथ्या दिवशी सायकलच्या चाकाच्या दोन तारा घासून तिनं सुया केल्या आणि चौकोनांचं विणकाम सुरू झालं.

त्यात एक खुबी होती. ते चौकोन वेगवेगळे विणून जोडलेले नसायचे. एक चौकोन पुरा झाला की त्याच्याच कडेवरचे टाके उचलायचे आणि तिथून दुसऱ्या रंगाचा चौकोन सुरू करायचा. दुसऱ्याच्या कडेवरून तिसरा. शिवण कुठेच नाही, प्रत्येक जण खालच्याच्या खांद्यावर उभा. गोधडीचा तुकडा फाटला तर उसवून दुसरा लावता येतो. जिजीच्या बटव्यात ती सोय नव्हती. हे मी आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे सगळं याच्यावरच अडलं.

आता रेखाबद्दल सांगायला हवं. रेखा जिजीची धाकटी मुलगी. पुढे सांगते त्या प्रसंगाच्या तेरा वर्षं आधी, एका मे महिन्यात, तिनं लूमवर काम करणाऱ्या एका उडिया मुलाशी कोर्टात लग्न केलं आणि ती कतारगामला राहायला गेली. उधना ते कतारगाम काही परमुलूख नव्हे, एकच शहर. पण जिजीचे यजमान अण्णा यांनी त्याच दिवशी जाहीर केलं, "आपल्याला ती मेली. सगळ्यांनी तिच्या नावानं आंघोळ करा." अण्णा तसे वाईट माणूस नव्हेत. कमी बोलणारे, आयुष्यभर लूमच्या खडखडाटात काम केल्यामुळे कानानं अधू झालेले. त्यांच्याशी ओरडून बोलावं लागे, म्हणून त्या घरातली प्रत्येक गोष्ट आम्हाला वर ऐकू यायची. हेही ऐकू आलं.

मुलगा सुनील डोक्यावरून पाणी घेऊन आला. सून मंगला आली. त्यांची नऊ वर्षांची दीपाली, तिला काय चाललंय ते कळत नव्हतं, तिलाही नळाखाली उभी केली. जिजीसाठी बादली भरून ठेवली होती. जिजीनं ती उचलली, बाहेर आणली आणि ओट्यावर ओतली. मग खराटा घेऊन ओटा स्वच्छ धुतला.

"मनी पोर जित्ती शे," ती सगळ्या सोसायटीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "जित्ता माणूसना नावनी आंघोय कोण करस?"

आणि त्यानंतर तिनं आंघोळच केली नाही. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, आठ दिवस. सुरतेतला मे! रोज तशीच कामाला जायची, तशीच यायची. मी जिन्यात तिच्या शेजारून जाताना श्वास धरायचे. मिलमध्ये बायकांनी तक्रार केली, मास्तरनं तिचं टेबल लांब खिडकीशी नेलं. मी एकदा नाक मुरडून म्हटलं, "जिजी, पुरे की आता." ती म्हणाली, "आज अंगावर पाणी घेतलं तर हे म्हणतील, हिनंही केली तिच्या नावानं." नवव्या दिवशी माझ्या फोनवर रेखाचा फोन आला. जिजी वर येऊन पंधरा मिनिटं लेकीशी बोलली, फोन मला दिला आणि खाली जाऊन अर्धा तास आंघोळ केली. बाहेर आली ती अण्णांच्या कानाशी ओरडली, "ही माझ्या घामाची आंघोळ! कुणाच्या नावाची नाही!"

तेव्हापासून दर रविवारी ती माझ्याकडे यायची आणि माझ्या फोनवरून बोलायची. लपूनछपून अजिबात नाही. जाताना घरात सांगून यायची, "लेकीशी बोलून येते." अण्णांना ऐकू यायचं नाही किंवा येत असावं. पण रेखाच्या घरी मात्र ती एकदाही गेली नाही. अण्णांनी बजावलं होतं, तिच्या घरात पाय ठेवलास तर परत या घरात यायचं नाही. मंगला शिवणाच्या कारखान्यात जायची आणि दीपाली आजीच्या हातावर वाढत होती. "मी गेले तर या पोरीला कोण?" जिजी म्हणायची. "हिचं लग्न होऊ दे. मग बघते मी." मला ते आपलं बोलायचं म्हणून बोलणं वाटायचं.

दीपालीचं लग्न ठरलं. मुलाकडचे मूळचे शिरपूरकडचे, आता सुरतेचेच, चांगली माणसं. बोलणी करताना त्यांनी सहज विचारलं, मुलीला आत्या किती? अण्णा म्हणाले, "एक होती. वारली." सुनील खाली बघत राहिला, मंगलानं चहाचे कप उचलले. जिजी त्या वेळी दळण आणायला गेली होती, नाहीतर लग्न तिथेच मोडलं असतं. तिला हे कळलं तेव्हा सुपारी फुटलेली होती.

ती ओरडेल असं सगळ्यांना वाटलं. ती ओरडली नाही. तिनं माळ्यावरची ट्रंक काढायला लावली. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर ती रुखवतात ठेवायला बटवा विणत बसलेली. अण्णांच्या तपकिरी बिनबाह्यांच्या स्वेटरची लोकर, सुनीलच्या शाळेच्या स्वेटरची निळी, मंगलानं माहेराहून आणलेल्या शालीची किरमिजी, दीपालीच्या बाळटोपीची पिवळी, तिची स्वतःची राखाडी. आणि अगदी बुडाशी, जिथून बटवा सुरू होतो तिथे, एक पोपटी चौकोन.

तो पोपटी रंग त्या घरात सगळ्यांना ओळखीचा होता. रेखा चौदा वर्षांची असताना जिजीनं तिच्यासाठी विणलेला, तिच्या हातचा एकुलता एक स्वेटर. तोच घालून, त्याच जानेवारीत, आत्या म्हणून तिनं पाळण्यातल्या भाचीच्या कानात नाव सांगितलं होतं. दीपाली हे नाव रेखानं ठेवलेलं.

घरावर संकट आलं ते असं. आमच्याकडे काय किंवा खानदेशात काय, गेलेल्या माणसाच्या कपड्याचा तुकडा नवरीच्या सामानात कुणी घालत नाही. अशुभ मानतात. रुखवत बघायला मुलाकडच्या बायका येणार, बटवा हातात घेणार, हा कुणाचा, तो कुणाचा विचारणार. पोपटी मेलेल्या आत्याचा म्हणून सांगितलं तर अपशकुन. जिवंत आत्याचा म्हणून सांगितलं तर खोटं उघडं पडतं. जिजीनं सगळ्यांना बरोबर कोंडीत पकडलं होतं आणि स्वतः सुलट-उलट टाके घालत बसली होती.

"माय, तो तुकडा काढी टाक," सुनील म्हणाला. मी तेव्हा तिथेच होते, वाटीभर साखर मागायला गेलेले.

जिजीनं विणकाम त्याच्यापुढे धरलं. "एक काढशी ते आख्खी उसवी जाई. तूच काढ. हाई घे."

त्यानं हात मागे घेतला. "बाकीच्यांच्यात वर कुठं तरी घालायचा होतास. बुडालाच कशाला?"

"वर घातला असता तर तुम्ही काढला असता," जिजी म्हणाली.

शेवटी तो मंगलानं काढला. लग्नाला नऊ दिवस होते. जिजी दवाखान्यात गेली होती, मी शाळेतून येत होते, आणि मंगला उंबऱ्यात बसून बटवा उसवत होती. रडत होती बिचारी. तिला रेखाचा राग नव्हता, दोघींचं गूळपीठ होतं एकेकाळी. तिला भीती होती ती फक्त आपल्या मुलीचं लग्न मोडण्याची. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे पाहिलं, आणि मी काही न बोलता जिना चढून वर गेले. मी भांडणात पडत नाही, हे मी आयुष्यभर मोठ्या अभिमानानं सांगत आले होते. त्या दिवशी मला त्याची लाज वाटली.

मंगलाच्या हाताला टापटीपीची सवय. उसवलेली लोकर तिनं टाकून दिली नाही, रंगावार सहा गुंडे करून टोपलीत नीट लावून ठेवले. जिजी आली, तिनं टोपलीकडे पाहिलं. मंगला भिंतीला टेकून उभी राहिली. जिजीनं चप्पल काढली, पाय धुतले, चहा मागितला, सायकलच्या तारा हातात घेतल्या आणि पोपटी गुंडा उचलून पुन्हा पहिल्यापासून टाके घालायला लागली.

आठ दिवस ती उंबऱ्यावरून उठली नाही. मेंदी, हळद, पाहुणे, सगळं तिच्या डोक्यावरून आत-बाहेर होत होतं. बटवा झाला तेव्हा मला दाखवायला वर आली. बुडाशी पोपटी चौकोन पूर्वीसारखाच, पण या वेळी गोफही पोपटी, गोंडेही पोपटी. "आता हिच्याशिवाय तोंडच बंद व्हायचं नाही याचं," ती म्हणाली. मग पिशवीतून भाकरीचा एक वाळका तुकडा काढला आणि आत टाकला. "उपाशी देऊ नाही."

मी म्हटलं, "जिजी, लग्न मोडलं तर?"

तिनं गोफ ओढून बटव्याचं तोंड बंद केलं. "मोडलं तर मोडलं, असं मी म्हणणार नाही, बाई. माझी नात आहे ती. मला पण झोप नाही. पण एका पोरीला मारून दुसरीला नांदायला पाठवायची? ते मला जमणार नाही."

लग्न दुपारचं होतं. सुरतेत मंगल कार्यालयाला वाडी म्हणतात, तशा एका वाडीत. रुखवत भाड्यानं आणलेलं. थर्माकोलची विहीर, थर्माकोलची पालखी, सुपारीचे भटजी, आणि मागच्या कुठल्या तरी नवरीचं नाव खरवडलेली एक पाटी. त्या सगळ्याच्या पुढे जिजीनं आपला बटवा ठेवला. अण्णा आले, त्यांनी तो उचलून थर्माकोलच्या देवळामागे ठेवला. जिजी आली, पुढे ठेवला. अण्णांनी पुन्हा मागे. असं चार वेळा झालं. दोघंही एकमेकांशी एक अक्षर बोलत नव्हती आणि फोटोवाला बिचारा कॅमेरा धरून ताटकळत उभा होता. चौथ्या वेळी जिजी टेबलाशी खुर्ची ओढून बसलीच.

विहीणबाई आल्या. ठेंगण्या, जाडजूड काठाच्या साडीतल्या, बोलण्यात चटपटीत. विहिरीकडे बघून त्यांनी मान हलवली, पालखीकडे नुसतं पाहिलं, आणि बटवा उचलला. "हे मात्र घरचं दिसतं."

"घरचंच," जिजी म्हणाली, आणि उठून एकेका चौकोनावर बोट ठेवत गेली. हा आजोबांचा, हा बापाचा, हा आईच्या माहेरचा, हा नवरीचा स्वतःचा, हा माझा. मंगला माझा हात घट्ट धरून उभी होती. बोट बुडाशी आलं.

"आणि हा रेखाचा. नवरीच्या आत्याचा."

विहीणबाईंनी बटवा टेबलावर ठेवला. "वारली ती? तिचा तुकडा लग्नात ठेवलात?"

"वारली नाही," जिजी म्हणाली. तिनं आवाज खाली आणला नाही. "कतारगामला राहते. उडिया माणसाशी लग्न केलं तिनं, दोन पोरं आहेत. सुखात आहे. तुमच्या सुनेचं नाव तिनंच ठेवलंय. तुम्हाला खोटं सांगितलं गेलं. त्या वेळी मी घरात नव्हते, पण घर माझं आहे, म्हणून मी माफी मागते. जित्ती शे मनी पोर."

सुनीलनं डोळे मिटून घेतले होते. विहीणबाईंनी बटवा पुन्हा हातात घेतला, बहुधा काय करावं ते न सुचून, आणि गोफ सैल करून आत पाहिलं. तो भाकरीचा तुकडा त्यांच्या तळहातावर आला. त्यांनी तो दोन बोटांत धरून फिरवून पाहिला.

"मनी माय बी टाके," त्या हळूच म्हणाल्या. "गोधडीमा." मग त्यांनी तुकडा परत आत टाकला, गोफ ओढून गाठ मारली आणि आवाज चढवला. "मेलेल्या माणसाचा तुकडा असता तर मी हे सामान घरात घेतलं नसतं. जित्त्या माणसाचा आहे तर काय हरकत आहे? पण अण्णा, जित्त्या लेकीला मेली म्हणालात, हे काही मला आवडलं नाही. हे मी लक्षात ठेवीन."

आणि त्यांनी ठेवलंही. मुहूर्तावर लग्न लागलं, जेवणं झाली, पण मानपानाच्या वेळी त्यांनी अण्णांच्या हातून नारळ घेतला नाही, जिजीच्या हातून घेतला. अण्णा भर मांडवात हात पुढे करून उभे होते. मला त्यांची कीव आली. जिजीला आली नसावी, किंवा आली तरी तिनं दाखवली नाही.

पाच वाजता दीपाली गाडीत बसली. बटवा तिच्या मांडीवर होता. आम्ही सोसायटीत परतलो. सगळे थकून जिथे जागा मिळेल तिथे बसले. जिजी मात्र आत गेली, बादली भरली, हीटरचा रॉड आत सोडला. पाणी चांगलं वाफाळेपर्यंत ती शेजारी उभी होती. तोवर तिनं लग्नातल्या जेवणाचा मोठा डबा भरला, वर लाडवांची पिशवी ठेवली. अंगावर अजून लग्नातलीच जांभळी साडी. मग ती बाहेर आली आणि ओट्यावर खुर्चीत बसलेल्या अण्णांसमोर उभी राहिली.

"मी रेखाकडे चालले," ती ओरडून म्हणाली. त्यांना ऐकू यावं म्हणून ओरडली, पण खिडक्या सगळ्या सोसायटीच्या उघडल्या. "तिच्या घरात पाय ठेवते. उद्या सकाळी येईन. बादलीत पाणी तापवून ठेवलंय. माझ्या नावानं आंघोळ करायची असेल तर करून घ्या!"

ती फाटकापर्यंत चालत गेली. मी धावत जाऊन रिक्षा थांबवून दिली, तेवढंच माझ्याकडून झालं. डबा मांडीवर घेऊन ती सरळ समोर बघत बसली. तेरा वर्षांनी लेकीकडे निघालेली बाई मागे वळून बघेल असं मला वाटलं होतं. तिनं रिक्षावाल्याला फक्त सांगितलं, "खोदकामाच्या रस्त्यानं नको नेऊ."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. दहाच्या सुमारास ती आली तेव्हा मी ओट्यावर मंगलाबरोबर तांदूळ निवडत होते. अण्णा कालच्याच खुर्चीत होते. अंगात कालचाच सदरा. कपाळावर काल मांडवात लावलेलं कुंकू आणि त्याला चिकटलेला अक्षतांचा एक दाणा तसाच होता. जिजीनं त्यांच्याकडे पाहिलं आणि ती आत गेली. न्हाणीत बादली जशी ठेवली होती तशीच, काठोकाठ भरलेली. आम्ही दोघींनी ती सकाळी पाहिली होती, पण हात लावायचं धाडस आम्हाला झालं नव्हतं.

जिजी बाहेर आली. "आंघोय नही कयी?"

अण्णा रस्त्याकडे बघत होते. मला वाटलं, त्यांना ऐकू आलं नाही. मग ते म्हणाले, "पानी गार व्हतं."

मंगलाचे हात सुपातच थांबले. जिजी पदर खोचून पुन्हा आत गेली. रॉडचं बटण लागल्याचा आवाज आला. "तापाडस," ती आतून म्हणाली. "आंग धवा आणि धुतलेला सदरा घाला. चार वाजता कतारगामले जानं शे. पोरं वाट बघतील."

अण्णा उठले. भिंतीचा आधार घेत, सावकाश, न्हाणीकडे गेले. जिजी उंबऱ्याशी येऊन मांडी घालून बसली, पिशवीतून उरलेल्या पोपटी लोकरीचा गुंडा काढला, सायकलच्या तारा काढल्या. "नातवाच्या मापाचं आहे," कुणी विचारलं नव्हतं तरी ती म्हणाली. थोड्या वेळानं आतून अण्णांनी टॉवेल मागितला.

"घ्या की हातानं," जिजी म्हणाली, आणि टाके मोजत राहिली.